पडदा गेला, यंत्र राहिले

संगणकाचा पडदा काळा पडला, त्यावरील नेहमीची चित्रे नाहीशी झाली आणि कोपऱ्यात एक लहानशी रेघ तेवढी लुकलुकू लागली, की बहुतेकजण एकच निष्कर्ष काढतात : संगणक गेला. दुकानात नेला तर तेथेही बहुधा एकच औषध मिळते : ‘फॉर्मॅट मारावा लागेल.’ या दोन वाक्यांच्या मध्ये विद्यार्थ्याचा वर्षभराचा प्रकल्प, घरातली छायाचित्रे आणि वडिलांच्या हिशेबाच्या फाइली पुसल्या जातात. वास्तविक अशा पुष्कळ प्रसंगी संगणक धडधाकट असतो. त्याचा फक्त दर्शनी भाग कोणीतरी, बहुधा त्याच्या मालकानेच, न वाचता काढून टाकलेला असतो. लिनक्स प्रणालीच्या संगणकावर हा अपघात कसा घडतो आणि त्यातून सावरावे कसे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सुरतेत हा प्रश्न विशेष जवळून पाहावयास मिळतो. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून कापडधंद्याच्या ओढीने आलेली मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही येथे आहेत. या घरांतील मुले आज संगणकशास्त्राच्या आणि अभियांत्रिकीच्या वर्गांत बसतात. घरात संगणक असला तर बहुधा एकच, आणि तोही कोणीतरी वापरून विकलेला. माइक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ला दिली जाणारी सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली, आणि ‘विंडोज ११’ जुन्या यंत्रांतील पुष्कळ प्रोसेसर स्वीकारीत नाही. तेव्हा अशा यंत्रावर उबंटू, मिंट किंवा डेबियन यांसारखी विनामूल्य प्रणाली घालून घेणे हा सोयीचा मार्ग ठरतो. मार्ग चांगलाच आहे. परंतु ज्या घरात दुसरा संगणक नाही, त्या घरात पहिला बंद पडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीच्या लहान अक्षरांत टंकावयाच्या असतात. ‘उणे’ असे लिहिले आहे तेथे लहान आडवी रेघ समजावी. ‘सुडो’ हा शब्द आज्ञेच्या आरंभी आला म्हणजे ती आज्ञा व्यवस्थापकाच्या अधिकाराने पाळली जाते. अर्थात तो शब्द टंकताना हात थोडा आवरून धरलेला बरा.

गाठोडी आणि त्यांचे नातेसंबंध

लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिहावयास घेतला. परंतु नुसत्या गाभ्याने संगणक चालत नाही. त्याभोवती शेकडो लहानमोठे कार्यक्रम लागतात, आणि ते एकत्र जुळवून देण्याचे काम निरनिराळ्या संस्था करतात. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेला ‘डेबियन’ हा त्यांतील एक जुना प्रकल्प. २००४ साली निघालेली उबंटू त्याच कुळातली. आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. म्हणून पुढील विवेचन थोड्याफार फरकाने या सर्वांना लागू पडते.

या प्रणालींत प्रत्येक कार्यक्रम ‘पॅकेज’च्या, म्हणजे गाठोड्याच्या, रूपाने येतो. गाठोड्यात कार्यक्रमाच्या फाइली असतात आणि बरोबर एक चिठ्ठी असते : ‘मला चालण्यासाठी अमुक अमुक गाठोडी हवीत.’ यालाच अवलंबित्व म्हणतात. ‘डीपीकेजी’ हा कार्यक्रम गाठोडे उघडून फाइली जागच्या जागी ठेवतो. त्याच्यावर ‘एपीटी’ हा कारभारी असतो. तो चिठ्ठ्या वाचतो, लागणारी गाठोडी साठ्यातून मागवितो, आणि एखादे काढावयास सांगितले तर त्याच्या आधारावर उभी असलेली सर्व गाठोडी त्याबरोबर काढतो. आधार काढल्यावर वरचे टिकणार नाही, हा त्याचा हिशेब अगदी बरोबर असतो. मात्र मालकाला हा पसारा ठाऊक नसतो.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवावा. काही गाठोडी जवळजवळ रिकामी असतात. त्यांत कार्यक्रम नसतो, नुसती चिठ्ठी असते. ‘उबंटू-डेस्कटॉप’ हे त्यांपैकी एक. प्रवेशाचा पडदा, खिडक्या, फाइली दाखविणारा कार्यक्रम, जाळ्याशी जोडणी करणारा कार्यक्रम अशा अनेकांची ती किराणा मालासारखी यादी असते. ही यादी पुढे आपल्या फार उपयोगी पडणार आहे.

अपघात घडतो तो असा

समजा, एका विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी पायथन भाषेची नवी आवृत्ती हवी आहे. संगणकात जुनी आहे. त्याला वाटते, आधी जुनी काढावी आणि मग नवी घालावी. विचार सरळ आहे. फ्रिज, पंखा, सायकल यांच्या बाबतीत आपण असेच करतो. तो ‘सुडो एपीटी रिमूव्ह पायथन३’ अशी आज्ञा देतो. पडद्यावर नावांची लांबच लांब यादी येते, शेवटी ‘पुढे जावयाचे काय?’ असा प्रश्न येतो, आणि बोट सवयीने ‘वाय’ दाबते. पाच मिनिटांनी संगणकावर टर्मिनल उरत नाही, आज्ञावली अद्ययावत करणारा कार्यक्रम उरत नाही, पुन्हा सुरू केल्यावर प्रवेशाचा पडदाही येत नाही.

कारण असे की, उबंटूमध्ये पायथन ही केवळ विद्यार्थ्याची भाषा नाही. प्रणालीचे कितीतरी घरगुती कार्यक्रम त्याच भाषेत लिहिलेले आहेत. पायथन गेले की ते गेले. ते गेले की ‘उबंटू-डेस्कटॉप’ ही यादी अपुरी पडली म्हणून तीही गेली. मग यादीच गेल्यावर तिच्यासाठी आणलेली गाठोडी ‘आता कोणालाच नकोत’ अशा सदरात पडतात, आणि ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा दिल्यास त्यांचाही निकाल लागतो. कोणत्या आवृत्तीत नेमके काय काय जाईल याची यादी बदलते. तत्त्व बदलत नाही.

येथे कोणी विचारील, संगणक अडवीत कसा नाही? अडवितो, परंतु थोड्याच ठिकाणी. डेबियनच्या पद्धतीत काही गाठोड्यांवर ‘अत्यावश्यक’ असा शिक्का असतो. आज्ञा वाचणारा ‘बॅश’, फाइलींची मूलभूत कामे करणारे ‘कोअरयुटिल्स’, स्वतः ‘डीपीकेजी’ ही त्यांतील काही. ही काढावयास सांगितल्यास एपीटी पूर्वी नुसत्या ‘वाय’वर समाधान मानीत नसे, ‘येस, डू ॲज आय से!’, म्हणजे ‘होय, मी सांगतो तसेच कर!’, हे संपूर्ण वाक्य टंकावे लागे. पायथन३ वर मात्र हा शिक्का नाही. त्यामुळे तेथे पहारेकरी उभाच नसतो. नावांची यादी हीच काय ती सूचना.

बरे, पहारेकरी असला तरी माणूस ऐकतोच असे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅनडातील लिनस सेबास्टियन या प्रसिद्ध चित्रफीतकाराने ‘पॉप ओएस’ या उबंटूवर आधारलेल्या प्रणालीवर ‘स्टीम’ हा खेळांचा कार्यक्रम घालू पाहिला. त्या वेळी साठ्यातील गाठोड्यांच्या चिठ्ठ्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. त्यातून एपीटीने मार्ग काढला तो असा की, स्टीम घालण्यासाठी डेस्कटॉपच काढून टाकावा. तशी ताकीदही पडद्यावर आली. त्याने ते लांब वाक्य जसेच्या तसे टंकले, आणि डेस्कटॉप नाहीसा झाला. लाखो लोकांनी ती चित्रफीत पाहिली. कोणी त्याला हसले, कोणी प्रणालीला दोष दिला. परंतु एपीटीच्या कर्त्यांनी त्यातून बोध घेतला. त्याच महिन्यात निघालेल्या २.३.१२ या आवृत्तीपासून, अत्यावश्यक गाठोडी काढावयाची असल्यास तसा वेगळा पर्याय आज्ञेतच स्पष्ट लिहावा लागतो. पुढे २०२५ मध्ये आलेल्या एपीटी ३.० मध्ये, काढल्या जाणाऱ्या गाठोड्यांची नावे तांबड्या रंगात दाखविण्याची सोय झाली. धोक्याची सूचना माणूस वाचीत नाही, हे गृहीत धरूनच यंत्र सुधारावे लागले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

काय गेले, काय राहिले

उपाय करण्यापूर्वी नुकसानीची मोजदाद करावी. पहिली गोष्ट, ‘होम’ नावाच्या कप्प्यात असलेली आपली कागदपत्रे, छायाचित्रे, प्रकल्प यांना या अपघाताने धक्का लागलेला नसतो. एपीटी गाठोड्यांतून आलेल्या फाइली काढतो. आपण निर्माण केलेल्या फाइली कोणत्याच गाठोड्याच्या नसतात. दुसरी गोष्ट, ‘रिमूव्ह’ या आज्ञेने कार्यक्रम जातो, पण ‘ईटीसी’ कप्प्यातील त्याच्या मांडणीच्या फाइली मागे राहतात; म्हणून तोच कार्यक्रम परत आणल्यास तो पूर्वीच्याच घडीवर बसतो. ‘पर्ज’ ही आज्ञा दिली असेल तर मात्र त्याही जातात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : गाभा जागेवर असतो, आणि एपीटी व डीपीकेजी हे दोघे पायथनवर अवलंबून नसल्याने तेही जागेवर असतात. घर पडले असले तरी गवंडी आणि त्याची हत्यारे शाबूत आहेत, असा हा प्रकार आहे.

चौथी गोष्ट थोडी चमत्कारिक वाटेल. लिनक्समध्ये फाइल पुसली म्हणजे प्रथम तिचे नाव वहीतून खोडले जाते. ती फाइल वापरणारा कार्यक्रम चालू असेल तर तो बंद होईपर्यंत तिचा मजकूर तबकडीवर तसाच राहतो. म्हणूनच डेस्कटॉप काढून टाकल्यावरही समोरचा पडदा पुष्कळदा काही काळ चालू राहतो. भाडेकरूचे नाव दारावरून पुसले, पण तो अजून खोलीत राहत आहे, अशी ती अवस्था. या अवधीत संगणक बंद केला नाही तर काम फार सोपे होते; उघडे टर्मिनल आणि चालू जोडणी हाताशी असते.

सुरतेतील वाचकांना हे मागाच्या उदाहरणाने चटकन पटेल. मागावरील बीमचा ताणा संपत आला म्हणजे जाणता कारागीर जुने धागे ओढून काढीत नाही. तो जुन्या ताण्याची टोके तशीच ठेवतो आणि नव्या बीमच्या प्रत्येक धाग्याची त्याच्याशी गाठ मारतो. मग जुना ताणा पुढे ओढला की नवा त्याच्या मागोमाग आपल्या जागी येतो. जुने धागे उपसून टाकले तर हजारो धागे एकेक करून वरखाली होणाऱ्या तारांच्या डोळ्यांतून आणि पुन्हा फणीच्या फटींतून ओवावे लागतात. फॉर्मॅट करणे म्हणजे जुना ताणा उपसून टाकणे होय. आपल्याला गाठी मारावयाच्या आहेत.

दुरुस्तीचा क्रम

पडदा अद्याप चालू असेल तर तो बंद करू नये. गेलाच असेल, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या तीन कळा एकदम दाबाव्यात. निव्वळ अक्षरांचा एक पडदा येतो आणि नाव विचारतो. नाव आणि सांकेतिक शब्द द्यावा. सांकेतिक शब्द टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कळफलक बिघडला असे समजून घाबरू नये.

आपल्या वाचकांसाठी एक विशेष सूचना. ज्यांनी संगणकाची भाषा मराठी किंवा कन्नड ठेवली असेल, त्यांना या पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन दिसण्याचा संभव आहे. या साध्या पडद्याला अक्षरांचे मोजकेच साचे ठेवता येतात, आणि जोडाक्षरे व मात्रा जुळविण्याची कला त्याला अवगत नाही. अशा वेळी ‘एक्सपोर्ट एलएएनजी=सी’ ही आज्ञा द्यावी. यातील ‘एलएएनजी’ आणि ‘सी’ तेवढी मोठ्या अक्षरांत टंकावी. त्यानंतरचे निरोप इंग्रजीत येतात आणि वाचता येतात.

मग पहिले काम वाचनाचे. ‘व्हार’ कप्प्यातील ‘लॉग’, त्यातील ‘एपीटी’ आणि त्यातील ‘हिस्टरी.लॉग’ ही फाइल ‘लेस’ या कार्यक्रमाने उघडावी व अगदी शेवटच्या भागाकडे जावे. ही एपीटीची रोजनिशी आहे. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणती आज्ञा दिली गेली आणि तिच्यामुळे काय काय आले-गेले, हे सर्व तीत लिहिलेले असते. ‘रिमूव्ह’ या शब्दापुढे काढलेल्या प्रत्येक गाठोड्याचे नाव आणि कंसात त्याची आवृत्ती मिळते. अपघात महिन्यापूर्वीचा असेल तर जुनी रोजनिशी शेजारीच आवळून ठेवलेली असते; ती ‘झेडलेस’ने वाचता येते. या यादीची प्रत वहीत उतरून घ्यावी, अथवा मोबाइलने पडद्याचे छायाचित्र घ्यावे. रोगाचे निदान येथेच होते. ही पायरी टाळून जो उपाय करतो, तो अंधारात चाचपडतो.

दुसरे काम जाळ्याशी जोडणी. गाठोडी साठ्यातून आणावयाची तर इंटरनेट हवे. आणि गेलेल्या यादीत जोडणी सांभाळणारा ‘नेटवर्क-मॅनेजर’ असू शकतो. तसे असल्यास वाय-फायच्या मागे लागू नये. राउटरपासून तार लावावी, किंवा मोबाइल यूएसबी तारेने जोडून त्यातील ‘टेदरिंग’ चालू करावे. संगणकाला तो फोन तारेच्या जोडणीसारखाच दिसतो. ‘आयपी लिंक’ या आज्ञेने जोडणीचे नाव कळते. ते बहुधा ‘ईएन’ या अक्षरांनी सुरू होते. ‘सिस्टिमडी’मध्येच जोडणी सांभाळणारा एक साधा कार्यक्रम असतो. ‘ईटीसी’तील ‘सिस्टिमडी’, त्यातील ‘नेटवर्क’ या कप्प्यात ‘.नेटवर्क’ असा शेवट असलेली चार ओळींची फाइल लिहावी : चौकटी कंसात ‘मॅच’, खाली ‘नेम=ईएन*’; पुन्हा चौकटी कंसात ‘नेटवर्क’, खाली ‘डीएचसीपी=येस’. मग ‘सुडो सिस्टिमसीटीएल स्टार्ट सिस्टिमडी-नेटवर्कडी’ अशी आज्ञा द्यावी. बहुतेक वेळा एवढ्याने जोडणी मिळते. डेस्कटॉप परत आल्यावर ही फाइल काढून टाकावी, म्हणजे दोन कारभाऱ्यांत भांडण होणार नाही.

तिसरे काम दुरुस्तीचे. त्याचा क्रम सोडू नये. प्रथम ‘सुडो डीपीकेजी दोन-उणे कॉन्फिगर उणे ए’; हिने अर्धवट उघडलेली गाठोडी पूर्ण बसविली जातात. नंतर ‘सुडो एपीटी अपडेट’. हिने साठ्याची ताजी सूची येते. नंतर ‘सुडो एपीटी दोन-उणे फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. हिने तुटलेली नाती जुळविली जातात. शेवटी ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३ उबंटू-डेस्कटॉप’. मागे सांगितलेली किराणा मालाची यादी ती हीच. हे एक नाव दिले की तिच्यातील सारी गाठोडी आपोआप येतात. दुसऱ्या प्रणालीत या यादीचे नाव वेगळे असेल. ते आपल्याला रोजनिशीत सापडलेले असते. प्रत्येक आज्ञेनंतर जी यादी पडद्यावर येते ती या खेपेस तरी संपूर्ण वाचावी, आणि तीत पुन्हा काही काढण्याची भाषा असेल तर ‘एन’ दाबून थांबावे.

नंतर रोजनिशीतील यादीशी ताडून पाहावे. यादीबाहेरचे, आपण स्वतः घातलेले कार्यक्रम गेले असतील तर त्यांची नावे एकामागून एक लिहून तीही आणावीत. ‘सुडो रिबूट’ ही आज्ञा देऊन संगणक पुन्हा सुरू केला की नेहमीचा प्रवेशपट येतो, आणि आत गेल्यावर भिंतीवरील चित्रसुद्धा पूर्वीचेच असते. कारण ती आवड ‘होम’मध्ये नोंदलेली होती.

यंत्र उभेच राहिले नाही तर

कधी कधी अक्षरांचा पडदाही मिळत नाही. अशा वेळी मित्राच्या किंवा महाविद्यालयाच्या संगणकावर त्याच प्रणालीची, शक्यतो त्याच आवृत्तीची, पेनड्राइव्ह तयार करून घ्यावी. तिच्यावरून संगणक सुरू केला की ‘ट्राय’ आणि ‘इन्स्टॉल’ असे दोन पर्याय येतात. ‘ट्राय’ घ्यावा. ‘इन्स्टॉल’कडे बोट जाऊ देऊ नये.

आता संगणक पेनड्राइव्हवर चालत असतो आणि आपली तबकडी शेजारी स्वस्थ पडलेली असते. सर्वांत आधी ‘होम’ कप्प्याची प्रत दुसऱ्या तबकडीवर घ्यावी. ती घेईपर्यंत दुसरे काहीही करू नये. मग ‘एलएसबीएलके उणे एफ’ने आपला विभाग ओळखून तो ‘एमएनटी’ या जागी जोडावा. बूटचा विभाग वेगळा असेल तर तोही त्याच्या जागी जोडावा. ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’ आणि ‘रन’ हे चार कप्पे ‘माउंट दोन-उणे बाइंड’ने आत जोडून द्यावे. यांतील ‘रन’ विसरू नये. उबंटूत इंटरनेटवरील नावांचे पत्ते शोधण्याची वाट तेथून जाते. शेवटी ‘सुडो सीएच-रूट’ आणि पुढे ‘एमएनटी’चा पत्ता ही आज्ञा दिली की आपण जणू आजारी संगणकाच्या आत जाऊन बसतो. तेथून वर दिलेल्या दुरुस्तीच्या आज्ञा त्याच क्रमाने द्याव्यात.

या उपायालाही मर्यादा आहे. ‘लिब-सी’ हे गाठोडे गेले असेल तर जवळजवळ एकही आज्ञा चालत नाही, कारण साऱ्या कार्यक्रमांचा पाया तेच असते. तेथे सीएच-रूटही उपयोगी पडत नाही. अनुभवी मनुष्य बाहेरून फाइली बसवून यंत्र उठवू शकतो. परंतु विद्यार्थ्याने अशा वेळी ‘होम’ची प्रत हाती असल्याची खात्री करून नव्याने स्थापना करणेच शहाणपणाचे. नवी स्थापना हा शेवटचा उपाय आहे आणि तो लाजिरवाणाही नाही. तो पहिला उपाय असू नये, एवढेच.

पुढील खबरदारी

‘फेडोरा’ या प्रणालीत ‘डीएनएफ’ नावाचा कारभारी असतो. तो प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देतो, आणि ‘डीएनएफ हिस्टरी अनडू’ला तो क्रमांक दिला की झालेला व्यवहार उलटविण्याचा प्रयत्न करतो, शिवाय स्वतःला किंवा सिस्टिमडीला काढावयास तो सहसा नकार देतो. डेबियनच्या कुळात ‘टाइमशिफ्ट’ हा कार्यक्रम घालून घ्यावा. तो प्रणालीची ठरावीक काळाने प्रतिमा घेऊन ठेवतो आणि बिघाड झाल्यास मागच्या दिवसावर नेऊन सोडतो. मात्र सर्वसाधारण मांडणीत तो ‘होम’मधील कागदपत्रांची प्रत घेत नाही, ती स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

पायथनची नवी आवृत्ती हवी असल्यास जुनीला हात न लावता ती शेजारी बसवावी, आणि प्रकल्पापुरते ‘व्हेन्व्ह’ने वेगळे आवार करून त्यात हवे ते प्रयोग करावेत. ‘पायथन३’ हे नाव नव्या आवृत्तीकडे वळविण्याचा मोहही टाळावा. त्यानेही प्रणालीचे घरगुती कार्यक्रम बिघडतात. आणि काहीही काढण्यापूर्वी ‘एपीटी उणे एस रिमूव्ह’ अशी आज्ञा देऊन पाहावी. हिने प्रत्यक्षात काहीच होत नाही. काय होईल याची यादी तेवढी दिसते. एक गाठोडे काढावयास सांगितले आणि यादीत शंभर नावे आली, तर आपली कल्पना आणि संगणकाची कल्पना यांत कोठेतरी अंतर आहे, हे ओळखावे.

आपल्या अभ्यासक्रमात भाषा शिकवितात, गणित शिकवितात. नोंदवही वाचावयास मात्र क्वचितच शिकवितात. सुरतेच्या कापड बाजारातील जुना दिवाणजी हिशेब चुकला म्हणून वही फाडून नवी घालीत नसे. तो मागची पाने उलटून चूक सापडेपर्यंत बसत असे. संगणकही आपली रोजनिशी निमूटपणे लिहीत असतो. पडदा काळा पडल्यावर ती उघडून वाचणारा विद्यार्थी वर्गात एकजण जरी असला, तरी बाकीच्यांचे प्रकल्प वाचतील. आणि दुकानदाराने ‘फॉर्मॅट मारावा लागेल’ म्हटल्यावर ‘थोडे थांबा, आधी लॉग पाहू’ असे त्याला सांगता येईल.